नडगीच्या उंचीचं लोखंड

उलटे पाय मी आयुष्यात एकदाच पाहिले, तेही भर उजेडात आणि पंचांच्या समक्ष. नोकरीतल्या बऱ्याच गोष्टी आता पुसट झाल्या आहेत. कुठला दरोडा कुठल्या गावचा, हे हल्ली बायकोला विचारावं लागतं. ते पाय मात्र जसेच्या तसे डोळ्यांपुढे आहेत.

महाराष्ट्र राज्य होऊन थोडेच दिवस झाले होते. नंदुरबार तेव्हा धुळे जिल्ह्यातला एक तालुका होता आणि मी सातपुड्याच्या पायथ्याच्या एका ठाण्यात फौजदार होतो. हद्द एवढी लांबरुंद की डोंगरात बोकड चोरीला गेला, तर फिर्यादी ठाण्यात पोहोचेपर्यंत चोराची ढेकर देऊन झालेली असायची. ठाण्याला वाहन नव्हतं. दोन सायकली होत्या, त्यातली एक कायम पंक्चर.

होळीचे दिवस होते. आमच्या डोंगरात होळी एका दिवसात उरकत नाही. आज या गावाची, उद्या त्या गावाची. नवस बोललेले पुरुष त्या दिवसांत बुध्या होतात. अंगभर तांदळाच्या पिठाचे पांढरे ठिपके, डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप, कमरेला सुके भोपळे आणि मोठ्या घुंगरांचा पट्टा. नवस फिटेपर्यंत त्यांची पाळणी असते: खाटेवर निजायचं नाही, वहाण घालायची नाही, अंघोळ करायची नाही. एका गावची होळी आटोपली की नाचत, चालत पुढच्या गावाला निघायचं.

एका सकाळी डोंगरातल्या एका गावचा पोलीस पाटील ठाण्यात येऊन उभा राहिला. चालत आला होता. पाणी प्यायला, बसला, पुन्हा पाणी प्यायला.

"साहेब, आमचा एक बुध्या मेला."

"दारू जास्त झाली का?"

"नाही साहेब. त्याचे पाय फिरवलेत."

मी हवालदाराला अकस्मात मृत्यूची नोंद घ्यायला सांगितलं आणि निघालो. बरोबर दोन शिपाई होते, त्यातला एक भिल्ल. हा गडी त्याच डोंगरातला. मला भिली कामापुरती समजे, बोलता येत नसे. म्हणून पुढे गावकऱ्यांचं जे बोलणं दिलं आहे, ते त्याने मराठीत सांगितलेलं आहे.

मोलगीकडे जाणाऱ्या कच्च्या रस्त्याला एक लांब उतार आहे आणि उताराच्या मध्यावर वळण. वळणाच्या खालच्या अंगाला, रस्त्यापासून चांगला दूर, प्रेत दगडांत उताणं पडलं होतं. तरुण माणूस. छातीवर, चेहऱ्यावर खरचटलेलंसुद्धा नव्हतं. पिठाचे ठिपके जागच्या जागी. चेहरा आकाशाकडे आणि दोन्ही पावलं टाच वर करून जमिनीकडे. आपल्याकडे हडळीचे पाय उलटे असतात असं लहानपणापासून ऐकत आलेलो. ऐकणं वेगळं. गुडघ्याखालून ते पाय कुणीतरी काढून पुन्हा उलटे लावल्यासारखे दिसत होते. मला दरदरून घाम फुटला, आणि पंचांना तो दिसू नये म्हणून मी टोपी काढून उन्हाला शिव्या दिल्या.

मागे राहिलेल्या सोबत्यांचे जबाब घेतले. संध्याकाळी सगळे मिळून निघाले होते. हा नाचाच्या भरात पुढे गेला. अंधार पडायचा होता, पण दरीत उजेड मावळला होता.

"घुंगरं वाजत होती," एक जण म्हणाला. "मग एकदा मोठ्याने वाजली. मग लांब लांब जात वाजली, खाली दरीकडे. आम्ही धावलो तर तो इथे पडलेला आणि घुंगरं तिकडे वाजताहेत."

प्रेताच्या कमरेला पट्टा नव्हता. आम्ही सगळा उतार चाळून काढला, झुडपं हलवून पाहिली. टोप सापडला, भोपळ्याच्या कवट्या सापडल्या, घुंगरांचा पट्टा मिळाला नाही. रस्त्यावरच्या खुणा गावच्या गुरांनी आणि माणसांनी तुडवून टाकल्या होत्या. "मोटार आली होती का?" या प्रश्नाला सगळ्यांचं एकच उत्तर होतं: मोटारीचा आवाजच झाला नाही. ढोल तर कधीच थांबले होते, त्यामुळे त्यांत आवाज बुडाला असंही नव्हतं.

आवाज नाही, पाय उलटे, घुंगरं चालत गेलेली. गावाने निकाल लावून टाकला होता. बडव्याने, म्हणजे त्यांच्या भगताने, सुपात ज्वारीचे दाणे टाकून डाकिणीचं नाव काढलं होतं. नाव मृताच्या थोरल्या भावाच्या विधवेचं निघालं. एकटी राहणारी, मूलबाळ नसलेली, जिभेने तिखट. दाणे नेमके अशाच बाईवर कसे पडतात, हे मी पुढे चार-पाच गावांत पाहिलं.

भिल्ल शिपायाने मला बाजूला घेतलं. "साहेब, पाळणी सुटेपर्यंत तिला कुणी हात लावणार नाही. नवसात रक्त सांडत नाहीत. पाळणी सुटली की पंच बसतील."  अशा पंचांपुढून परत आलेली बाई त्याने कधी पाहिली नव्हती, असं तो म्हणाला.

मी तिच्या झोपडीवर गेलो. ती मोहाची फुलं वाळत घालत होती. म्हटलं, बाई, चल ठाण्यात, निकाल लागेपर्यंत राहा.

ती हसली. "गेले तर डाकीण ठरले. डाकीणच पळते. तुझ्या ठाण्यात मी किती दिवस राहू? मरेपर्यंत?"

 दुसरा शिपाई पाटलाच्या घरी ठेवून मी प्रेत बैलगाडीत घालून खाली आणलं. पाळणी सुटायच्या आत काहीतरी हाती लागायला हवं होतं, नाहीतर पुढचा पंचनामा तिचा करावा लागला असता.

सरकारी दवाखान्याचे डॉक्टर शांत माणूस. शवविच्छेदन करून त्यांनी हात धुतले आणि सिगारेट पेटवली.

"मरण डोक्याच्या मागच्या माराने. दगडावर आपटला. पण आधी पाय मोडले. दोन्ही नडग्यांची हाडं आरपार तुटली, म्हणून पावलं फिरली. भुताने नाही फिरवली, वजनाने फिरली."

"मोटार असेल?"

"तेच मला कळत नाही. जीप किंवा ट्रकचा बंपर गुडघ्याला लागतो, नाहीतर मांडीला. हे तुटलंय गुडघ्याच्या बरंच खाली. शहरातल्या बसक्या मोटारीचा बंपर एवढ्या खाली लागेल. तशी मोटार त्या रस्त्याने वर जाते का?"

जाणं शक्यच नव्हतं. त्या रस्त्याच्या दगडांवर बसकी मोटार चार फर्लांगांत पोट फोडून घेईल. जी गाडी वर जाऊ शकते, तिचा बंपर उंच. जिचा बंपर खाली, ती वर जाऊ शकत नाही. डॉक्टरांच्या तोंडून गावकऱ्यांचंच म्हणणं ऐकल्यासारखं मला वाटलं आणि मनातून मी चांगलाच चरकलो.

"आणखी एक," डॉक्टर म्हणाले. "हाड असं तुटतं तेव्हा मध्ये पाचरीसारखा तुकडा निघतो. पाचरीची रुंद बाजू जिकडे, तिकडून मार. मार समोरून आहे. आणि दोन्ही पायांना एकाच उंचीवर. चालणाऱ्या, पळणाऱ्या माणसाचा एक पाय उचललेला असतो, मग जखमा वरखाली येतात. हा माणूस दोन्ही पाय रोवून, समोर बघत उभा होता. जे आलं ते त्याने येताना पाहिलं, आणि तो हलला नाही."

ठाण्यात परत येताना मी शिपायाला हे सांगितलं. म्हटलं, समोरून मरण येतंय आणि धडधाकट माणूस हलत नाही, हे काय गौडबंगाल आहे?

तो म्हणाला, "फाग मागत असेल, साहेब."

होळीत बुध्या रस्त्यात आडवा उभा राहतो, हात पसरतो आणि येणाऱ्याकडून फाग मागतो. फाग म्हणजे गूळ, फुटाणे, असेल ते. मिळाल्याशिवाय बाजूला व्हायचं नाही ही रीत. बैलगाडी थांबते, घोडा थांबतो, त्या रस्त्याचे मोजके ट्रकवालेही थांबतात. म्हणजे तो पाहून उभा होता आणि समोर थांबण्यासारखं काहीतरी येत होतं. डाकिणीकडे कुणी फाग मागत नाही. मला पहिल्यांदा पायाखाली जमीन लागली.

आठवडे बाजाराच्या दिवशी मी डोंगराकडे जाणारा रस्ता अडवला. मृताच्या उंचीचा माणूस हवा होता. योगायोगाने आमचा शिपाईच त्या मापाचा होता. डॉक्टरांनी दाखवलेल्या जागी त्याच्या दोन्ही नडग्यांवर खडूने रेघ ओढायची आणि त्याला अनवाणी प्रत्येक गाडीसमोर उभं करायचं, असं मी ठरवलं. तो आधी तयार होईना.

"मेलेल्याच्या जागी जिवंत माणूस उभा करू नये, साहेब."

मी हुकूम केला नाही. शेवटी त्यानेच जमिनीला हात लावून कपाळाला लावला आणि वहाणा काढल्या. बाजाराची माणसं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गोळा झाली. एरवी त्या बाजारात कानठळ्या बसतात. त्या दिवशी कोंबडीसुद्धा ओरडली नाही. गाडी हळूहळू पुढे यायची, शिपाई समोर बघत उभा, आणि मी वाकून बंपर कुठे टेकतो ते पाहायचो. ट्रकचा मांडीला. जीपचा गुडघ्याला. रेघेपाशी कुणीच येईना. प्रत्येक वेळी गर्दीतून एक सुस्कारा निघे आणि त्या सुस्काऱ्यासरशी त्या बाईचं मरण थोडं जवळ आल्याचं मला जाणवे.

बाजार उठता उठता अक्कलकुव्याचा एक चहावाला माझ्याजवळ घुटमळला. पोलिसाला काही सांगायचं म्हणजे लोक आधी चहा पाजतात. तो पाजून झाल्यावर अहिराणीत बोलला.

"साहेब, एक जीप शे. जवय येस तवय घुंगरं वाजतस. मी वाकीसन देखं, गाडीले एक बी घुंगरू नही."

"कोणाची?"

"लाकूडना व्यापारीनी. डायवर नवा शे. गाडीना नाकखाल रोज नवा लिंबू बांधस, शेंदूर लावस. लोक काचले लावतस, हाऊ जमीनजोडे लावस."

शेंदूर जमिनीजवळ कशाला, हा प्रश्न डोक्यात घेऊन शिपायासह त्याच पावली नंदुरबार गाठलं. लाकडाच्या वखारीत जीप उभी होती. बंपर नेहमीसारखा, गुडघ्याच्या उंचीचा. मी जमिनीवर आडवा झालो. बंपरच्या बरंच खाली आणि त्याच्याही पुढे आलेला एक लोखंडी अँगल बोल्टने बसवला होता. धार समोर. वाटेतल्या दगडांनी तेलाची टाकी फुटू नये म्हणून मालकाने तो लोहाराकडून करून घेतला होता. सबंध अँगलवर शेंदराचे थर. मागच्या बाजूला, चाकांच्या आसाला गुंडाळून, तुटलेल्या चामडी पट्ट्याचा तुकडा लोंबत होता आणि त्याला तीन-चार घुंगरं. मी जीपला नुसता धक्का दिला. ती वाजली.

शिपायाला अनवाणी उभं केलं. अँगलची धार खडूच्या रेघेवर टेकली. तो लगेच बाजूला झाला आणि वखारीच्या भिंतीशी जाऊन बसला.

पुढे डॉक्टर अँगल पाहायला आले. बोट फिरवून म्हणाले, "नुसता बंपर असता, रुंद आणि बोथट, तर गुडघा गेला असता, लंगडा झाला असता. खालच्या धारेने पाय उडवले, वरचं अंग गाडीवर आदळून वळणाखाली दगडांत फेकलं गेलं, आणि तुटलेला पट्टा खाली आसात अडकला. हे लोखंड टाकी वाचवायला बसवलंय. समोर माणूस असेल, असं बसवणाऱ्याच्या मनातच आलं नाही."

ड्रायव्हर विशी-पंचविशीचा, मैदानातल्या गावचा. त्याला ठाण्यात आणलं तेव्हा त्याचे डोळे आत गेलेले होते. आमच्या वेळी चौकशी म्हणजे पट्टा, असा लोकांचा समज होता आणि तो अगदीच खोटा नव्हता. याला मी हात लावला नाही. पट्ट्याचा तुकडा टेबलावर ठेवला. घुंगरं किणकिणली, तसा तो दचकून माझ्याकडे बघायला लागला.

"तुमले बी ऐकू येतस का?"

"येतात."

तो रडायलाच लागला. इतके दिवस ती आपल्या एकट्यालाच ऐकू येतात, असं तो समजत होता. खड्डा आला की वाजायची, वळण आलं की वाजायची. मागे कुणीतरी बसलंय, असं धरून तो गाडी हाकत होता, आणि वाकून गाडीखाली बघायची त्याची छाती झाली नव्हती. हात आत घालून, डोळे मिटून शेंदूर फासायचा.

मग तो बोलला. उतारावर पेट्रोल वाचवायला त्याने इंजिन बंद केलं होतं. त्या काळी सगळेच करत. बॅटरी कमजोर, म्हणून दिवेही लावले नव्हते. जीप आवाज न करता घरंगळत होती.

"वळणवर ते उभं व्हतं, साहेब. आंगवर धवळा ठिपका, डोकावर एवढा मोठा टोप, दोन्ही हात पसारेल. जुना डायवरस्नी माले सांगेल व्हतं. डोंगरमा कोनी आडवं उभं दिसनं, ते थांबू नको. मानूस व्हई ते सरकी. सरकनं नही, ते मानूस नही. मांगे देखू नको."

"मग तू काय केलंस?"

"बिरेकवरना पाय काढी लिधा."

मी त्याला सांगितलं, तो माणूस होता. नवसाचा बुध्या होता आणि फाग मागत होता. 

"मंग तो सरकना काबर नही?"

"गाडी थांबते, एवढंच त्याला माहीत होतं."

त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. हयगयीने मरणास कारण झाल्याचं कलम लावून मी गुन्हा नोंदवला. पुढे त्याला शिक्षा झाली. ती त्याने विनातक्रार भोगली. अँगल बसवणाऱ्या मालकाला मात्र कुठलं कलम लागलं नाही. नंतर जिथे जिथे बदली झाली, तिथे तिथे असे अँगल मी मोटार निरीक्षकांच्या डोक्यावर बसून काढायला लावले. मला पाहिलं की ते चहाचंसुद्धा विचारायचे नाहीत.

पाळणी सुटायच्या दिवशी आम्ही ती जीप त्या गावात नेली. पंच झाडाखाली बसले होते. बाई बाजूला उभी होती, तिला कुणी बांधलं नव्हतं. मालकाच्या दुसऱ्या ड्रायव्हरने जीप इंजिन बंद करून उतारावरून सोडली. ती आवाज न करता आली, फक्त घुंगरं वाजत होती. बायकांनी पोरं पोटाशी धरली. शिपाई रस्त्यात उभा राहिला, ब्रेक लागला, आणि अँगल त्याच्या नडगीपाशी येऊन थांबला.

बडवा उठला. "गाडीत तीच बसली होती," तो म्हणाला. "गाडीला कुणी पाठवलं?"

लोक माना डोलवायला लागले.  आणलेला पुरावा तिच्याच गळ्यात पडत होता. 

तेवढ्यात मृताचा बाप पुढे आला. पट्ट्याचा तुकडा हातात घेतला, घुंगरं एक एक करून बोटांनी चाचपली. ती त्यानेच ओवलेली होती. मग त्याने शिपायाला विचारलं, "पोरगा पळाला नाही ना?"

"नाही. हात पसरून उभा होता."

म्हाताऱ्याने मान हलवली. पंचांकडे वळून म्हणाला, "माझ्या पोराने फाग मागितला. गाडीवाल्याने दिला नाही. हे त्या दोघांतलं आहे. माझ्या सुनेला यात ओढू नका." बापानेच मागणं सोडलं म्हटल्यावर पंचांना बसून राहायला कारण उरलं नाही. एकेक जण धोतर झटकत उठला.

मला फार बरं वाटलं. खोटं का बोला, छाती फुगली होती. मी त्या बाईजवळ गेलो आणि म्हटलं, आता तुला कसली भीती नाही.

 ती शिपायाला काहीतरी म्हणाली. तो सांगेना, मी दटावल्यावर सांगितलं.

"ती म्हणते, पावसाळ्यात कुणाचं तरी पोर तापाने जाईल. तेव्हा तू कुठली गाडी आणशील?"

तपास लागला म्हणजे माणूस वाचलं, असं मी तोवर धरून चाललो होतो. तिने ते एका वाक्यात खोडून काढलं आणि मला वाईट वाटण्यापेक्षा लाज जास्त वाटली. त्यानंतर त्या भागातलं कुठलंही मरण कळलं की मी डॉक्टरांच्या मागे लागायचो: चला, बघा, आणि कशाने मेला ते लोकांसमोर मोठ्याने सांगा. डॉक्टर कुरकुरायचे आणि यायचे. एका पावसाळ्यात खरोखरच पोर तापाने गेलं. आम्ही वनखात्याची जीप मागून घेऊन, चिखलात ढकलत, डॉक्टरांना वर नेलं. सुपातले दाणे त्या खेपेला पडले नाहीत.

माझी बदली झाली तेव्हा नव्या फौजदाराला रीतसर चार्ज दिला. हत्यारं, मुद्देमाल, कोठडीच्या किल्ल्या, सायकली. त्या यादीत तिला लिहायला जागा नव्हती, म्हणून मी त्याला डोंगरात तिच्या झोपडीवर घेऊन गेलो. चढ चढून तो बिचारा धापा टाकत होता आणि साक्षीदार आहे की आरोपी, असं मला विचारत होता. तिने आम्हाला पाणी दिलं, त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि शिपायाकरवी विचारलं, "हाही गाडी आणतो का?"

त्याला काही कळलं नाही. पण पाणी देणारी बाई विचारते आहे म्हणून तो नम्रपणे "हो" म्हणाला. उतरताना वाटेत मी त्याला पहिल्यापासून सगळं सांगितलं आणि आपण कशाला हो म्हणालो ते नीट समजावून दिलं.